लोणीतली रेल्वे, 'आलम आरा' आणि तुमचा पहिला इंटरफेस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत.

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज एकच असतो. "दादा, घरीच स्टुडिओ करायचाय. हेडफोन कोणते घेऊ? इंटरफेस कोणता?" पाठवणारा कधी कॉलेजात असतो, कधी पहिल्या पगाराची वाट बघत असतो. बजेट ठरलेलं असतं आणि ते एकदाच खर्च होणार असतं. चुकीची वस्तू आली तर वर्षभर तीच वापरायची. त्यामुळे प्रश्न छोटा वाटला तरी समोरच्यासाठी मोठा आहे.

यावर 'टॉप फाइव्ह' यादी देता येईल. पण ती यादी सहा महिन्यांत शिळी होते. म्हणून आज मी या वस्तूंचा इतिहास सांगणार आहे. कारण या डब्यावरचं प्रत्येक बटण कुणाच्या तरी अडचणीतून आलंय. ती अडचण कळली की ती आपली आहे की नाही हे कळतं. आणि आपली नसेल तर तिच्यावर पैसे घालवायचं कारण उरत नाही.

अडचण पहिली: बाहेरचा आवाज

मी लोणी काळभोरला राहतो आणि इथूनच रेकॉर्ड करतो. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका बाजूला पुणे-सोलापूर हायवे, दुसरीकडे पुण्याहून दौंडकडे जाणारी रेल्वे, आणि पेट्रोल कंपन्यांचे डेपो असल्यामुळे दिवसरात्र टँकर. त्यात लग्नसराई आली की डीजे. म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी याहून अवघड जागा शोधायला मेहनत घ्यावी लागेल.

पण भारतातला पहिला बोलपट याच अडचणीत तयार झालाय. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. ज्या स्टुडिओत तो बनला तो रेल्वेरुळांच्या शेजारी होता. गाड्या थांबल्याशिवाय संवाद घेता येईनात. मग शूटिंग मध्यरात्रीनंतर, साधारण एक ते चार या वेळात व्हायला लागलं. त्यांची टॅनार यंत्रणा अशी होती की चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकत्र उमटायचे. इंजिनाची शिट्टी आली की ती संवादातच बसली. आपल्यासारखं 'नंतर एडिट करू' हा पर्यायच नव्हता. नटांच्या आसपास, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे माइक लपवून ठेवायचे आणि बोलायचं.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' केला. व्ही. शांतारामांचा हा चित्रपट मराठीतला पहिला बोलपट. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. तिचा स्टुडिओ जिथे उभा राहिला, तिथेच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज तिथे ध्वनिमुद्रण शिकवलं जातं.

आणि लोणीचा सिनेमाशी थेट संबंध आहेच. मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांचं फार्म होतं, राजबाग. आज तिथे एमआयटीचं विद्यापीठ आहे. 'सत्यम शिवम सुंदरम' (१९७८) चं शूटिंग या परिसरात झालं. त्या काळात बाहेर शूटिंगला जे कॅमेरे नेले जात, ते चालताना खडखड करायचे. त्यामुळे बहुतेक हिंदी चित्रपटांत सेटवरचा आवाज फक्त संदर्भापुरता घेत आणि नट नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत, कानाला हेडफोन लावून तेच संवाद परत बोलत. याला आपण डबिंग म्हणतो. प्रत्यक्ष सेटवरचाच आवाज ठेवायची पद्धत मुख्य प्रवाहात पुन्हा चर्चेत आली ती 'लगान'मुळे, २००१ मध्ये.

यातून आपल्यासाठी धडा काय? बाहेरच्या आवाजावर सिनेमावाल्यांनी तीनच उपाय शोधले. वेळ बदलली, माइक तोंडाजवळ आणला, किंवा काम आतल्या खोलीत नेलं. हे तिन्ही उपाय आजही फुकट आहेत. गाडीचं वेळापत्रक बघून रेकॉर्डिंगला बसा. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकला सहा डेसिबलने जास्त मिळतो, रेल्वे मात्र आहे तिथेच राहते. आणि आतली खोली निवडा, शक्यतो रस्त्याच्या उलट बाजूची.

गोधडीबद्दल एक गोष्ट. भिंतीला गोधडी किंवा वाकळ लावली की खोलीतला घुमारा कमी होतो, हे खरं आहे, आणि ते करा. पण गोधडीने रेल्वे थांबत नाही. इंजिनाचा खालचा घरघराट जाड भिंतीतूनसुद्धा आत येतो. त्यामुळे 'साउंडप्रूफिंग'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्पंजाच्या तुकड्यांवर अर्धं बजेट घालू नका. ते गोधडीचंच काम करतात.

अडचण दुसरी: आवाज फार बारीक आहे

आता थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग कलकत्त्यात येतो आणि गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतो. तेव्हा माइक नव्हता, वीज नव्हती. एक मोठा कर्णा असायचा. गाणारीने त्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. त्या हवेच्या जोरावर पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढायची. बास. गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या लोकांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं.

या पद्धतीत हळू गाणाऱ्याला जागा नव्हती. ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावा लागायचा. कित्येक मोठे गवई या यंत्राजवळ फिरकलेच नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारा हा माणूस, बालगंधर्वांचा आणि मास्टर कृष्णरावांचा गुरू. त्यांच्या गाण्याची तबकडी आज आपल्याकडे नाही. शिष्यांच्या गाण्यातून अंदाज बांधायचा, एवढंच हातात आहे.

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि चित्र पालटलं. माइक आला, आणि माइकचा बारीक विद्युत संदेश मोठा करणारा ॲम्प्लिफायर आला. हळू आवाजसुद्धा पकडता यायला लागला. तुमच्या इंटरफेसवर 'गेन' नावाचं जे गोल बटण आहे, ते याच ॲम्प्लिफायरचं नातवंड समजा. इंटरफेसचं पहिलं काम हेच: माइकचा आवाज गोंगाट न वाढवता मोठा करणं.

म्हणून इंटरफेस निवडताना पहिला प्रश्न ब्रँडचा ठेवू नका. पहिला प्रश्न: तुमचा माइक कुठला? कंडेन्सर माइक असेल तर तो मुळातच मोठा संदेश देतो, कमी गेनमध्ये काम भागतं. डायनॅमिक माइक असेल तर जास्त गेन लागतो. पॉडकास्टवाले ज्याच्यामागे लागतात त्या शूर एसएम-७-बीला तर साधारण ६० डेसिबल गेन हवा. इंटरफेसचा गेन त्याच्या खूप खाली असेल तर बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि मागे 'शूऽऽ' ऐकू येतं. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात 'मॅक्सिमम गेन' हा आकडा शोधा.

दुसरं बटण म्हणजे '४८ व्ही'. त्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते आणि ती माइकच्याच वायरीतून पाठवली जाते. पण ४८ च का? ही गोष्ट नॉर्वेची आहे. १९६६ मध्ये न्यूमन कंपनी नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे माइक बनवत होती. तिथे हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती. तीच वापरायचं ठरलं आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. आता सांगा, तुमचा माइक डायनॅमिक असेल तर त्या बटणाची गरज आहे का? नाही.

माझं मत विचाराल तर हायवेजवळ, रेल्वेजवळ राहणाऱ्याने सुरुवात डायनॅमिक माइकने करावी. कंडेन्सर जास्त संवेदनशील. आपण तो तोंडापासून लांब ठेवतो आणि मग तो शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा प्रेमाने पकडतो.

अडचण तिसरी: आकड्यांत कसं लिहायचं

इंटरफेसचं दुसरं काम म्हणजे आवाजाचे आकडे करणं. सेटिंगमध्ये ४४,१०० दिसतं, ते काय? एका सेकंदात आवाजाची किती वेळा मोजणी करायची, तो आकडा. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की सगळं नीट लिहिलं जातं. पण मग ४०,००० किंवा ४५,००० असा गोल आकडा का नाही?

कारण १९७० च्या दशकात एवढे आकडे साठवायला सोयीचं यंत्र एकच होतं: व्हिडिओ टेपचा रेकॉर्डर. टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक रेघेत तीन मोजण्या बसवल्या. अमेरिकन पद्धतीत एका फील्डमध्ये वापरता येतील अशा २४५ रेघा, सेकंदाला ६० फील्ड. २४५ गुणिले ६० गुणिले ३. करून बघा, ४४,१०० येतं. युरोपच्या पद्धतीत २९४ गुणिले ५० गुणिले ३. तेसुद्धा ४४,१००. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा हाच आकडा पक्का झाला.

म्हणजे १९२ किलोहर्ट्झवाला इंटरफेस घेऊन तुमचा पॉडकास्ट चारपट चांगला होणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पुरे. व्हिडिओलाही तेच लागतं. २४ बिटचा खरा फायदा असा की आवाज थोडा खाली ठेवून रेकॉर्ड करता येतो. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, हसताना फाटणार नाही.

आणखी एक शब्द तुम्हाला भेटेल, लेटन्सी. म्हणजे बोलणं आणि ते हेडफोनमध्ये ऐकू येणं यातला वेळ. ४८ किलोहर्ट्झवर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम पावणेदोन मीटर जातो, पण आत येताना, बाहेर जाताना आणि सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे जमत जातात. म्हणून 'डायरेक्ट मॉनिटर'ची सोय असलेला इंटरफेस घ्या. त्यात तुमचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता थेट कानात येतो. आणि याच कारणासाठी रेकॉर्डिंगला ब्लूटूथ नको. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि माणूस स्वतःच्याच आवाजाला अडखळतो.

अडचण चौथी: कानाला खरं काय ते कळलं पाहिजे

हेडफोनची सुरुवात गाण्यासाठी झालेली नाही. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नथॅनिएल बाल्डविन हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवायचा आणि ते त्याने अमेरिकन नौदलाला दिले. बिनतारी संदेश ऐकायला. त्या काळच्या यंत्रांतून येणारी वीज इतकी कमी असायची की हेडफोनमध्ये बारीक तारेचे खूप वेढे द्यावे लागायचे. त्यामुळे त्यांचा रोध, म्हणजे इम्पिडन्स, २,००० ओहमच्या घरात असे.

१९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने डीटी-४८ आणला, डायनॅमिक पद्धतीचा पहिला हेडफोन. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टीरिओ संगीतासाठी हेडफोन काढला. १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी-४१४ आला, मागून उघडा असलेला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर उतरला. १९९१ मध्ये सोनीचा एमडीआर-७५०६ आला, जो आजही जगभरच्या स्टुडिओत आणि शूटिंगवर दिसतो.

या इतिहासातून दोन प्रश्न घ्या. पहिला, मागून बंद की उघडा? बंद हेडफोन आतला आवाज बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तो माइकमध्ये शिरत नाही. रेकॉर्डिंगला बंदच. उघड्या हेडफोनचा आवाज मोकळा वाटतो, मिक्सिंगला छान, पण त्यासाठी शांत खोली लागते. लोणीत, वाघोलीत, हडपसरला, जिथे हॉर्न सतत आहे, तिथे पहिला आणि एकच हेडफोन घ्यायचा असेल तर बंद घ्या.

दुसरा प्रश्न, ओहम किती? बायरचा डीटी-७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. दिसायला जवळपास सारखेच. पण फोनमधून समजा एक व्होल्ट मिळतो. ३२ ओहमला त्यातून साधारण ३१ मिलिवॉट शक्ती पोचते, २५० ओहमला फक्त ४. म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रांसाठी बनवलेला हेडफोन तुम्ही फोनला लावलात तर आवाज मरगळलेला येतो आणि दोष हेडफोनला जातो. फोनवर किंवा छोट्या इंटरफेसवर काम करणाऱ्याने ८० ओहमच्या आत राहावं. सोनीचा ७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम-४०-एक्स या हिशोबात बसतात.

एक सवय लावून घ्या. मिक्स झाल्यावर तो साध्या फोनच्या इअरफोनवर आणि फोनच्या स्पीकरवरही ऐका. कारण तुमचे श्रोते तिथेच आहेत. पीएमपीच्या बसमध्ये.

स्टुडिओ घरी कसा आला

पुण्यात आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. १९५५ च्या एप्रिलपासून तिथून 'गीतरामायण' प्रसारित झालं: गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, ५६ गाणी. तेव्हा चांगलं ध्वनिमुद्रण म्हणजे सरकारी इमारत किंवा कंपनीचा स्टुडिओ. आत कुणाला घ्यायचं हे दारावरचा माणूस ठरवणार.

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ काढलं. १९८२ च्या सुरुवातीला ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरात बसून, दोन साध्या डायनॅमिक माइकवर, याच यंत्रावर गाणी घेतली. ठरलं होतं कच्चं काम म्हणून, शेवटी तेच 'नेब्रास्का' या अल्बमच्या रूपात बाहेर आलं. १९९६ मध्ये यूएसबी आलं, २००२ मध्ये डिजिडिझाइनचा एमबॉक्स, २०११ मध्ये फोकसराइटचा लाल रंगाचा स्कारलेट. दोन माइकचा स्टुडिओ टिफिनच्या डब्याएवढा झाला.

फोनवर काम करणाऱ्यांनी एवढं बघा: इंटरफेस 'क्लास कम्प्लायंट' आहे का, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो का. आणि फोनच्या बॅटरीवर तो चालेल की वेगळी वीज द्यावी लागेल.

मग घाई कशाची?

आता मूळ मुद्द्यावर येतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम केलं. मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात झाली आणि महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांच्यासोबत आले आणि डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण झालं. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ते ऐकता येतं, जरूर ऐका. पण लाखभर ओव्यांपैकी आवाजात घेतल्या गेल्या त्या काही हजारच. बाकीच्या कागदावर आहेत. शब्द आहेत, पण ते म्हणणाऱ्या बाईचा गळा, श्वास, मध्येच हसणं, ते नाही.

गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली. ज्या आज्यांना ओव्या पाठ आहेत त्यांची वयं आता सत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या हवेलीत, दौंडला, पुरंदरला प्रत्येक वाडीत अशी एखादी आजी आहे. तिला स्टुडिओत आणता येत नाही आणि तिच्यापुढे मोठा माइक ठेवला की ती गप्प होते. तिथे इंटरफेस लागतच नाही. फोन, पदराला लावायचा छोटा कॉलर माइक, बंद पंखा, फोन एअरप्लेन मोडवर, आणि तुमच्या कानात एक साधा वायरवाला इअरफोन. एवढ्यात काम होतं.

म्हणून खरेदीचा माझा क्रम असा. सगळ्यात आधी खोली आणि वेळ, कारण ती फुकट आहे. मग बंद हेडफोन, कारण तो दहा वर्षं टिकतो आणि माइक बदलला तरी उपयोगी पडतो. मग माइक. इंटरफेस शेवटी, त्या माइकला पुरेल एवढाच: एकटे बोलणार असाल तर एक माइक इनपुटवाला, पाहुणा बोलावणार असाल तर दोनवाला. आठ इनपुटचं स्वप्न बँड जमला की बघू.

आणि हे सगळं जमेपर्यंत थांबू नका. अर्देशीर इराणी गाड्या बंद होईपर्यंत थांबले, कारण त्यांना रात्री एक वाजता तरी शांतता मिळणार हे माहीत होतं. भास्करबुवांच्या बाबतीत तशी दुसरी वेळ आली नाही. हेडफोन पुढच्या सेलमध्ये परत स्वस्त होईल. आजीचं तसं नाही. या रविवारी गावाला जाणार असाल तर फोन चार्ज करून न्या, आणि काय रेकॉर्ड केलंत ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.